पुढं काय?

रविराजनं बीडमध्ये बसून मालक नसलेलं सोशल नेटवर्क उभं केलं. सर्व्हर सगळ्यांचा, सत्ता कुणा एकाची नाही, आणि पहिला नियम त्याचाच : आडनाव लावायचं नाही. माणसं वाढली, तशी एकदा स्टँडसमोरच्या हॉटेलात सगळ्यांची गाठ पडली. सत्ता वाटून घेण्यावर त्यानं चहा गार होईस्तोवर तोंडाचा पट्टा चालवला. सर्व्हरचा पासवर्ड ज्योत्स्नालाही द्यायचं ठरलं. तिच्याइतकं नेमकं नेटवर्कवर कुणीच लिहीत नव्हतं. फोनमध्ये तिचं नाव टाकता टाकता हा शहाणा सवयीनं बोलून गेला, "ज्योत्स्ना... पुढं काय?"

सगळं टेबल त्याच्याकडं बघायला लागलं. रविराजचे कान तापले. जीभ हासडून फेकावी असं वाटलं त्याला.

ज्योत्स्नानं कप खाली ठेवला.

"पुढं बी मागचंच दिसतंय, दादा."