लाल पट्टीची टोपली

रविवारी दुपारी वर्षाली काळेवाडीच्या घरी पोचली तेव्हा तिचे वडील, रंगराव, संगणकासमोर बसून पुटपुटत होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला, एक हात माउसवर, दुसऱ्या हाताचं बोट पडद्यावरच्या शब्दाला टेकवलेलं. "एडिट. एडिटमध्ये कॉपी टू फोल्डर. कुठला फोल्डर? हा. कॉपी." आधी शब्द वाचायचा, मग दाबायचा. फोटो जिथे पाठवला तो फोल्डर उघडून, पोचला का ते बघायचं. परत येऊन मूळचा जागेवर आहे ना, तेही बघायचं. एक फोटो इकडचा तिकडे होईतो दुसऱ्याचा चहा पिऊन कप विसळून व्हायचा.

"बाबा, ओढून टाका ना सरळ," डबा ओट्यावर ठेवत वर्षाली म्हणाली. "एवढी वरात कशाला?"

"ओढताना मधेच बोट सुटलं तर माल कुठे पडला ते कळत नाही. मेनूत लिहिलेलं असतं. वाचून केलं की चुकलं तरी कुठे चुकलं ते सापडतं."

हे उत्तर तिला पाठ होतं. नुसत्या कळा दाबून हे सगळं कसं होतं, ते तिने त्यांना कितीदा तरी दाखवलं होतं. प्रत्येक वेळी त्यांनी मान डोलावली होती आणि पुन्हा वरच्या पट्टीवरचं एडिट उघडलं होतं. रंगरावांची सगळी नोकरी गाड्यांचे सुटे भाग तपासण्यात गेली. आधी भोसरीत, मग कंपनी चाकणला गेली तशी कंपनीच्या बसने चाकणला. त्यांनी बघितल्याशिवाय माल बाहेर पडत नसे आणि भंगारातही जात नसे. वर्षालीची आई सुमनताई म्हणायची, आमच्याकडे भाकरीसुद्धा मापाचं गेज लावून पास होते. सुमनताईला जाऊन दोन वर्षं होत आली होती.

संगणक होता वर्षालीच्या धाकट्या भावाच्या, रविराजच्या, कॉलेजच्या काळातला. त्याने नवा आणून द्यायची भाषा केली की रंगराव म्हणत, नव्यात वरची मेनूची पट्टी नसते, मला हाच बरा. पडद्याच्या चौकटीवर खालच्या कोपऱ्यात, जिथे कचऱ्याच्या टोपलीचं चित्र दिसे त्याच्या अगदी शेजारी, लाल चिकटपट्टीचा तुकडा लावलेला होता. चौकट तडकली असेल, असं वर्षालीने मनाशी धरलं होतं. विचारलं कधी नव्हतं.

रंगराव दूध आणायला खाली उतरले आणि ती त्यांच्या खुर्चीत बसली. जागा भरत आली, अशी सूचना कोपऱ्यात सारखी डोकावत होती. तिने टोपली उघडली. आत चित्रं दिसत नव्हती, नुसत्या नावांची रांग होती. हललाय. डोळे मिटले. बोट आलं. अर्धीच. पुन्हा हललाय. नापास फोटो टाकून दिलेत, पण टोपली ओतायची राहिली, असं तिला वाटलं आणि थोडं हसूही आलं. आकुर्डीच्या ज्या कॉलेजात ती ग्रंथपाल होती, तिथे फाटकं पुस्तकसुद्धा समितीपुढे ठेवल्याशिवाय रद्दीत घालता येत नसे. तो नियम तिनेच लिहिला होता. पण बापाच्या घरात लेकीला नियम आठवत नाहीत. तिने संगणकाला टोपली रिकामी करायला सांगितलं. नक्की का, अशी विचारणा झाली, तेव्हा न वाचता होकार दाबला. कागद चुरगळावा तसा आवाज आला आणि झालं.

मग दोघांनी चहा घेतला. तिने आणलेलं भरीत त्यांनी बोटाने चाखून पाहिलं आणि म्हणाले, "पास." कॉलेजातल्या गमती तिने सांगितल्या. उन्हं कलल्यावर ते तिला बसथांब्यापर्यंत सोडायला आले. बस निघाली तरी हात वर धरून उभे होते. रोजच्यासारखा दिवस होता. आठवून ठेवावं असं त्यात काही नव्हतं.

संध्याकाळी निगडीला तिच्या घरी पाहुणे बसले होते, आणि फोन वाजला.

"वर्षा, ती टोपली रिकामी दिसतेय. तू हात लावला होतास का ग?"

हो म्हणायला तिने तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात ते पुढे बोलले, "त्यात सुमनचे फोटो होते. वाईट आलेले. पण होते."

तिथे तिची जीभ फिरली. का फिरली, याचा पुढे तिने पुष्कळ विचार केला. पाहुणे होते, गॅसवर कढई होती, हे सगळं खरं होतं आणि त्यातलं एकही कारण नव्हतं. आईचे फोटो आपण घालवले, हे त्यांच्या तोंडून ऐकायची तिला भीती वाटली, एवढंच. "नाही बाबा," ती म्हणाली, "मी कशाला हात लावू? तुमच्याकडूनच काहीतरी दाबलं गेलं असेल."

पलीकडे त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला.

"असेल," रंगराव म्हणाले. "माझाच हात गेला असेल." मग बसला गर्दी नव्हती ना, एवढं विचारून त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या रविवारी समोर बसून सांगू, असं तिने ठरवलं. सोमवारी सकाळी फिरून येताना रंगराव जिन्याच्या पहिल्या पायरीवरच बसले, ते उठलेच नाहीत. शेजाऱ्यांनी रिक्षात घातलं, पण दवाखाना येण्याआधीच सगळं आटोपलं होतं.

पुढचे दिवस माणसांचे आणि चहाच्या कपांचे गेले. रविराज मोशीहून कुटुंबासह येऊन राहिला. तेराव्याला समोर ठेवायला आईबाबांचा दोघांचा फोटो हवा म्हणून तो एका दुपारी संगणक उघडून बसला, तेव्हा चिमाजीकाका घरात होते. काका मूळचे चिंचवडगावचे. रंगरावांबरोबर एकाच बाकावर बसून माल तपासलेला, निवृत्तीनंतरही दर शनिवारी हजेरी लावणारा एवढा एकच माणूस.

"ती लाल पट्टी दिसतीय न्हवं," काका म्हणाले, "मीच आणून दिलेली. शनिवारी आमचं इन्स्पेक्शन असायचं की."

कसलं इन्स्पेक्शन, असं रविराजने विचारलं, आणि काकांनी जे सांगितलं ते वर्षाली स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत राहिली.

कारखान्यात, शॉपमध्ये, एक लाल पेटी असायची. नापास झालेला भाग त्यात टाकायचा. पण लाल पेटी म्हणजे भंगार नव्हे. तिथे माल थांबतो. काय दोष आहे ते त्याला चिठ्ठी बांधून लिहायचं, दोघांनी पुन्हा डोळ्यांखालून घालायचं, दोघांचं एकमत झालं तरच तो भंगारात जायचा. सुमनताई गेल्यावर रंगरावांनी बंद पडत चाललेल्या मोबाइलमधले तिचे सगळे फोटो संगणकावर घेतले. चांगले निवडून फोल्डरमध्ये लावले. वाईट आले होते ते पास करवेनात आणि फेकवेनात. तेव्हा त्यांनी फाइल मेनूतून प्रत्येकाचं नाव बदलून दोष लिहिला, आणि डिलीट म्हणून टोपलीत ठेवले. त्यांच्या लेखी ती टोपली म्हणजे लाल पेटी होती. टोपलीत फोटो उघडून बघता येत नाही, म्हणून दर शनिवारी एकेक फोटो मेनूतून रिस्टोअर करून बाहेर काढायचा, दोघांनी बघायचा, आणि पुन्हा डिलीट करून आत ठेवायचा.

"मी म्हनायचो, रंगा, पास कर की राव, वहिनी हसतीय त्यात. तर म्हनायचा, फोकस न्हाई. म्हनलं, तुझ्या लग्नाच्या फोटूत तरी कुठं व्हता फोकस?" काका हसले, आणि हसता हसताच त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. "येका फोटूत वहिनीचं डोस्कंच निम्मं आलं नव्हतं. त्यात ती त्याला रागं भरतीय, फोटू काय काढता, गॅस बंद करा. त्यो फोटू तर त्यानं कितीदा भायेर काढला आसंल. पर येकबी भंगारात घातला न्हाई आमी. येकबी न्हाई."

टोपलीत कुणी काही जपून ठेवत नाही, ती जागा जपायची नव्हेच, कोणीही ती रिकामीच केली असती. हे सगळं वर्षालीने स्वतःला मुद्देसूद सांगून पाहिलं. पण रिकामी केल्याबद्दल तिच्यावर कुणाचा ठपका नव्हताच. ठपका होता त्या एका 'नाही'चा, आणि तो ठेवणारीही तीच होती.

"त्या रविवारी सांजच्याला आला माज्याकडं," काकांचा आवाज खाली गेला. "बसला न्हाई. दारातनंच म्हनला, चिमाजी, माझ्या हातनं न बगता माल गेला. सगळा गेला. आता माझ्या तपासनीचा भरवसा नगं धरू. मी म्हनलं, आरं फोटू त्ये, गेलं तर गेलं. तर माज्याकडं आसं बगितलं, जसं काय मी शिवीच दिली."

रविराजने रिकामी टोपली पुन्हा एकदा उघडून पाहिली. मग म्हणाला, "विसरायला लागले होते ते, काका. मला फोनवर जाणवायचं कधी कधी. ताई, तुला नव्हतं जाणवलं?"

"नाही," वर्षाली म्हणाली. तेवढं तरी खरं होतं. पण त्याच्यापुढचं न सांगता ती चहाचे कप उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता ती संगणकाचा डबा रिक्षात घालून बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली. त्याने तो दोन दिवस ठेवून घेतला. टोपली रिकामी केल्यावर लगेच आणला असता तर काही आशा होती, असं त्याचं म्हणणं पडलं. पण मधल्या दिवसांत रविराजने त्यावर विधीचे व्हिडिओ उतरवले होते, जुनी जागा त्यांनी खाल्ली. "डिलीट कुणी केलं होतं, वडिलांनी का?" त्याने सहज विचारलं. वर्षालीने डबा उचलला आणि उत्तर न देता रस्त्यावर आली. अनोळखी माणसासमोरही आपल्याला हे सांगता येत नाही, हे पाहून ती स्वतःलाच ओशाळली.

तेराव्याला गच्चीवर मांडव घातला होता. भोसरीपासूनची जुनी माणसं आली, चाकणच्या शॉपमधली पोरं शिफ्ट सांभाळून येऊन गेली. रविराज प्रत्येकाशी बोलत होता, आणि त्याच्या बोलण्यात ते फोटो येत होते. विसर पडायला लागला होता, आईचे फोटो स्वतःच्याच हाताने घालवले, त्याचा धक्का घेतला बहुतेक. त्यात त्याचा वाईट हेतू नव्हता. एकाएकी गेलेल्या बापाच्या जाण्याला तो कारण शोधत होता, आणि हे कारण त्याच्या हाताशी होतं. ऐकणाऱ्यांनाही ते पटत होतं. एक बाई वर्षालीच्या पाठीवर हात फिरवून म्हणाल्या, "बरं झालं ग एका अर्थी. पुढे माणसं ओळखली नसती, कपड्यांचं भान राहिलं नसतं. त्या हालांतून सुटले."

वर्षाली मान खाली घालून बसली. तिच्या एका 'नाही'चा बघता बघता रोग झाला होता, आणि तो रोग रंगरावांच्या नावावर चढला होता. आजपासून या घरात त्यांची आठवण निघाली की ती अशी निघणार होती. शेवटी शेवटी त्यांचं डोकं चालत नव्हतं, आपल्याच बायकोचे फोटो पुसले बिचाऱ्यांनी. आणि वर्षाली दर वेळी तिथे बसलेली असणार होती, मान डोलावत.

जेवणाआधी चिमाजीकाकांना चार शब्द बोलायला उभं केलं. त्यांना भाषणाची सवय नव्हती. टोपी हातात घेऊन ते फोटोशेजारी उभे राहिले. फोटो अखेर एका लग्नातला सापडला होता, रंगराव ताठ आणि सुमनताई भलतीकडेच बघणारी. रंगाने उभ्या जन्मात खोटा माल पास केला नाही, काका म्हणाले. साहेब ओरडले, माल अडला म्हणून गाड्या गेटवर थांबल्या, तरी केला नाही. एवढं बोलून ते अडखळले.

"आता शेवटाला येकदा चुकला त्येचा हात. वय झालं, चालायचंच. पर त्येवढ्यावरनं मानसाचं…"

"काका, थांबा," वर्षाली म्हणाली.

ती उभी राहिली होती. आवाज तिला वाटला होता त्याहून मोठा आला, आणि वाढप्यांसकट सगळे तिच्याकडे बघू लागले. रविराजने खालून तिचा हात धरला, तिला भोवळ येतेय असं वाटून. तिने तो सोडवून घेतला. कुणाकडे बघून बोलावं ते तिला क्षणभर कळेना. मग तिने फोटोकडे पाहिलं.

"बाबांना काही झालं नव्हतं. त्यांना सगळं आठवत होतं. ती टोपली मी रिकामी केली, ते दूध आणायला गेले होते तेव्हा. आत कुणाचे फोटो आहेत ते मी बघितलं नाही. आणि त्यांनी मला फोन करून विचारलं, तर मी नाही म्हणाले, तुमच्याकडूनच झालं असेल म्हणाले."

तिला वाटत होतं की आता रडू येईल, पण ते आलं नाही.

"तुमचा हात गेला नव्हता, बाबा," ती म्हणाली. "माझा गेला."