तीनशे पासष्ट दिवस

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कपड्यांचे रंग बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. तिथला कॉम्प्युटर विभाग उन्नती पागधरे सांभाळायची. विभाग म्हणजे पहिल्या मजल्यावरची एसीची एक खोली, दोन सर्व्हर आणि ती. नवापूरच्या तिच्या घरी कुणी कारखान्यात खुर्चीवर बसून काम केलं नव्हतं. आई मासळी सुकवायची, भाऊ बोटीवर. लेक काय करते असं कुणी विचारलं की आई म्हणायची, "ती मशिनी चालू ठेवते," आणि ते बऱ्यापैकी खरं होतं.

गेट, वजनकाटा, प्रयोगशाळा, गोदाम अशा ठिकाणची सात कॉम्प्युटर मुख्य सर्व्हरशी सतत बोलत असत. ते बोलणं मधल्या मधे कुणी वाचू नये म्हणून सगळं कुलूपबंद करून जाई, आणि त्यासाठी सर्व्हरकडे एक सर्टिफिकेट लागे. कामगार गेटवर ओळखपत्र दाखवतात तसंच ते. त्यावर नाव असतं, मुदत असते. मुदत संपली की बाकीची कॉम्प्युटर सर्व्हरला दारातच अडवतात.

हे सर्टिफिकेट उन्नतीनं स्वतः बनवलं होतं, मार्चमधल्या एका रविवारी. ओपनएसएसएल नावाचा प्रोग्राम उघडून काळ्या पडद्यावर एक लांबलचक ओळ टाइप करायची आणि एंटर दाबायचं, एवढंच काम. त्या ओळीत किती दिवसांची मुदत हवी तो आकडा घालावा लागतो. तिला दहा वर्षांची हवी होती, म्हणजे तीन हजार सहाशे पन्नास. त्या दिवशी चुलतबहिणीची हळद होती आणि ती घाईत होती. शेवटचं शून्य राहून गेलं. तीनशे पासष्ट झालं. सगळी कॉम्प्युटर जोडली गेली, हिरवे दिवे लागले, ती निघून गेली.

सप्टेंबरमध्ये ठेकेदारामार्फत विनोद वरठा कामाला आला. वय चोवीस, डोंगराकडच्या पाड्यावरचा, आयटीआय झालेला. बोईसरमध्ये तिघांबरोबर एका खोलीत राहायचा आणि शनिवारी गावी जायचा. त्याचं काम केबल ओढायचं, प्रिंटरमधला अडकलेला कागद काढायचं. पण उन्नतीच्या मागं उभा राहून तो काळ्या पडद्याकडे बघत राहायचा.

"ताई, हे तुमी काय लिवता?" एकदा त्यानं विचारलं.

तिनं त्याला बसवलं. दुसऱ्याला शिकवायला तिला आवडायचं, आणि त्या खोलीत बोलायला दुसरं कुणी नव्हतंही. चावीची जोडी कशी बनवायची, त्यातली एक चावी कुणालाही दिली तरी चालते पण दुसरी कधीच द्यायची नाही, फाइल कुलूपबंद कशी करायची, सर्टिफिकेट उघडून आत काय लिहिलंय ते कसं वाचायचं, हे सगळं तिनं दोन-तीन महिन्यांत त्याला दाखवलं. इंग्रजी त्याला जड जायचं. तो प्रत्येक कमांड वहीत उतरवून घ्यायचा, अक्षर न् अक्षर, आणि दुपारच्या सुट्टीत करून बघायचा. चुकला की पुन्हा पहिल्यापासून. दिवाळीनंतर त्यानं एक चिठ्ठी कुलूपबंद करून तिच्याकडे पाठवली. तिनं ती उघडली. आत लिहिलं होतं, "जमलं ताई." ती पुष्कळ वेळ हसत बसली.

फेब्रुवारीत एका दुपारी तो म्हणाला, "ताई, आपल्या मेन सर्व्हरच्या सर्टिफिकेटची तारीख एकदा बघायची का?"

उन्नती तेव्हा ऑडिटच्या कागदांत बुडालेली होती. मान वर न करता ती म्हणाली, "ते दहा वर्षांचं आहे. मीच बनवलंय."

"हां, पण एकदा..."

"विनोद, चालू सर्व्हरला हात लावायचा नाही. सांगितलंय ना तुला?"

आठवड्याभरानं तो पुन्हा दारात येऊन उभा राहिला होता, असं तिला नंतर आठवलं. ती फोनवर होती. तिनं हातानंच नंतर ये म्हणून सांगितलं, आणि तो नंतर आला नाही.

मार्चच्या मध्यावर, सोमवारी सकाळी सव्वाअकरा वाजता, सातही कॉम्प्युटर एकदम थांबली. वजनकाट्यावर पावती निघेना. प्रयोगशाळेचे अहवाल उघडेनात. अर्ध्या तासात गेटपासून मेन रोडपर्यंत ट्रकांची रांग लागली आणि ड्रायव्हर हिंदीत शिव्या देऊ लागले. उन्नतीनं आधी केबल बघितल्या, मग सर्व्हर बंद करून चालू केला. शेवटी तिनं सर्टिफिकेट उघडलं. पडद्यावर दोन ओळी आल्या. मुदत संपल्याची तारीख आजची होती. वरच्या ओळीत मुदत सुरू झाल्याची तारीख होती, मागच्या वर्षीचा तो रविवार.

तिला कळायला क्षणभरही लागलं नाही. शेवटचं शून्य राहिलं होतं.

नवं सर्टिफिकेट बनवायला पाच मिनिटं लागली. ते सातही ठिकाणी नेऊन बसवायला दुपारचे चार वाजले. विनोद पेनड्राइव्ह घेऊन गोदामातून प्रयोगशाळेत, प्रयोगशाळेतून गेटवर धावत होता. जेवलाही नाही. तो खाली असतानाच उन्नतीनं जुन्या सर्टिफिकेटची फाइल पुसून टाकली. जुनी फाइल ठेवून गोंधळ होतो, असं तिनं स्वतःला सांगितलं.

साडेपाचला मॅनेजर धर्मेशभाईंनी तिला केबिनमध्ये बोलावलं. ते ओरडले नाहीत. थकलेले होते.

"मुदत संपली, एवढंच ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"हे रोजच्या रोज बघायचं काम कुणाचं? रजिस्टरवर सही कुणाची असते?"

रजिस्टरवर सही विनोदची असायची. सर्व्हर चालू आहे, एसी चालू आहे, अशी रोज सकाळी नऊची सही.

"विनोदची," ती म्हणाली.

धर्मेशभाईंनी मान हलवली. "मला वरती नाव द्यावं लागणार. ठेकेदाराचा माणूस आहे, बदलून घेऊ."

तिला म्हणायचं होतं की ते सर्टिफिकेट त्याच्या आधी सहा महिन्यांचं आहे, त्याला त्याची मुदत माहीत असायचं कारण नाही. वाक्य तयार होतं. पण तिच्या कायम होण्याचा कागद त्याच महिन्यात वरती गेला होता. तिनं टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघितलं आणि धर्मेशभाई "ठीक आहे, जा तुम्ही" म्हणेपर्यंत बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी विनोदला गेटवरच थांबवलं. तिनं ते खिडकीतून बघितलं. त्यानं एकदा वर खिडकीकडे पाहिलं. ती मागं सरकली. त्यानं फोन केला नाही, आणि तिनंही केला नाही.

मे महिन्यात ती कायम झाली. आईनं शेजारपाजारी पेढे वाटले.

पुढं दीड वर्ष गेलं. एकदा भावाच्या बोटीच्या कागदांसाठी उन्नती पालघरला गेली होती. स्टेशनजवळ ऑनलाइन फॉर्म भरून देणारं एक झेरॉक्सचं दुकान आहे, तिथं रांगेत ती पाचवी होती. पहिला माणूस काउंटरवर वाकून दुकानदाराला आपलं नाव सांगत होता. आवाज तिनं ओळखला.

"विनोद चिंधू वरठा. जन्मतारीख हीत लिवली हाय, तुमीच बघा."

दुकानदार म्हणाला, "अरे, फोनवर होतं हे. शिकलेला दिसतोस, स्वतः भर की."

"नाय, मला नाय जमत," विनोद म्हणाला. "माझ्याकडून चूक होते."

उन्नती रांगेतून बाहेर पडली. कागद तसेच पर्समध्ये घालून ती स्टेशनात जाऊन बाकावर बसली. दोन गाड्या गेल्या तरी ती उठली नाही.

सोमवारी ती धर्मेशभाईंकडे गेली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. शून्य कसं राहिलं, ती फाइल कुणी पुसली, विनोदनं फेब्रुवारीत काय विचारलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग चष्मा काढून ठेवला.

"आता का सांगताय?"

"तेव्हा सांगायला हवं होतं म्हणून."

"तो ठेकेदारही आता नाही, उन्नती. मी कुणाला काय लिहू?" ते म्हणाले. "राहू दे. तुमचं काम चांगलं आहे."

तिला वाटत होतं की काहीतरी शिक्षा होईल. ती झाली असती तर बरं वाटलं असतं, असं तिला जिना उतरताना वाटलं.

रविवारी ती विचारत विचारत त्याच्या पाड्यावर गेली. एसटीनं, मग जीपनं, मग चालत. विनोद अंगणात बसून भाताची रिकामी पोती शिवत होता. तिला बघून तो उभा राहिला. त्याच्या बायकोनं, दीपानं, खाट पुढं ओढली आणि चहा ठेवायला आत गेली.

उन्नतीनं आडवळण घेतलं नाही. "विनोद, ते सर्टिफिकेट मी बनवलं होतं. मुदतीचा आकडा माझ्याकडून चुकला. तुझं नाव पुढं आलं तेव्हा मी गप्प बसले."

तो दाभणाकडे बघत होता. "मला माहीत होतं, ताई."

"काय माहीत होतं?"

"तारीख. तुमी नाय म्हणालात, तरी मी फेब्रुवारीत बघितली. नुसतं वाचलं, हात नाय लावला. मार्चातली तारीख होती. वहीत लिवून पण घेतली."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"आलो होतो सांगायला. तुमी फोनवर होता." त्यानं दाभण पोत्यात खोचलं. "आणि मग वाटलं, ताई दहा वर्सं म्हणते, म्हणजे दहाच असणार. मलाच वाचता येत नाय. इंग्रजी तारीख हाय, मी काहीतरी उलटं वाचलं असणार."

आपल्यामुळे त्याची नोकरी गेली हे उन्नतीनं येताना वाटेत शंभरदा मनाशी म्हटलं होतं, त्याची तयारी करून ती आली होती. याची नव्हती.

"तू बरोबर वाचलं होतंस," ती म्हणाली. "अगदी बरोबर."

"त्या दिवशी कळलं मला ते. पेनड्राइव्ह घेऊन पळत होतो ना, तेव्हा." विनोदनं पोतं मांडीवरून खाली ठेवलं. "मला वाटलं, संध्याकाळी तुमी सांगाल सगळ्यांना, की ह्याला आधीच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी गेटवर थांबवलं, तरी मी जरा वेळ उभा होतो. म्हटलं, ताई खाली येतील."

दीपानं चहा आणून दिला. ती जायला वळली, मग थांबली. "हा आता मोबाइलवर पैसे पाठवायला पण माझ्या हातात फोन देतो," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मी आठवी शिकलेली. ह्यो मला म्हणतो, तू बघ, मला खात्री नाय."

"मी पुन्हा शिकवीन तुला," उन्नती म्हणाली. "दुसरीकडे काम बघून देते. मी लिहून देते सगळं, माझ्या सहीनं, कुठंही दाखव."

विनोदनं मान हलवली, हो अशीही नाही आणि नाही अशीही नाही. "कापणी झाली की आमी वसईला जाणार हाय, बांधकामावर. आता काय नको, ताई. तेव्हा बोलाया पायजे होतं."

तिनं चहा प्यायला. विनोद रागानं नव्हे, साधेपणानं बोलला होता. तरी पर्समधला कागद काढून तिनं खाटेवर ठेवला. काय घडलं ते त्यात तारखांसह लिहिलेलं होतं, खाली तिची सही होती. विनोदनं तो उचलला नाही, वाऱ्यानं उडू नये म्हणून दीपानं त्यावर कपबशी ठेवली.

निघताना विनोद तिच्याबरोबर पायवाटेनं सडकेपर्यंत आला, कारण मधे ओढ्यावरचा साकव मोडला होता आणि तिला वाट माहीत नव्हती. पाण्यातले दगड तो एकेक दाखवत पुढं चालला होता. सडकेवर जीप उशिरा आली. तोवर दोघं झाडाखाली उभी राहिली. तिच्या आईची तब्येत त्यानं विचारली. बरी आहे, असं ती म्हणाली.