शाळेच्या मागचा नळ

"सही करा आणि निघा," देवकीने अर्ज सगुणच्या ताटाजवळ ठेवला. "बारा वाजाच्या आत दाखलो हायस्कुलात पोचवक होयो. एकच जागा आसा. उशीर झालो तर ती दुसऱ्याक जातली."

सगुण उंड्याचा, पावाचा, तुकडा भाजीत बुडवत राहिला. "चवथीची सुटी आत्ता खय संपली. मधीच शाळा बदलली तर चेडवाक कसा जमतला?"

"आणि आता जमता? सकाळपासून दुपारपर्यंत पाण्याचो घोट घेणा नाय ता. कित्याक ता तुमका म्हायत आसा."

माहीत होतंच. त्यांची मुलगी भाग्यलक्ष्मी पाचवीत होती. दीड वाजता शाळेतून आली की दप्तर ओट्यावर फेकायची आणि परसात धावायची. सरकारी शाळेत मुलींच्या शौचालयाला पाणी नव्हतं, म्हणून त्याला कुलूप होतं, आणि म्हणून मुली पाणीच पीत नव्हत्या. मागच्या आठवड्यात तिला ताप भरला तेव्हा डॉक्टरांनी देवकीलाच झापलं होतं.

सगुणने सही केली. त्याची सही लांबलचक होती, शेवटच्या ण चा पाय तो कागदाच्या काठापर्यंत ओढायचा.

दोडामार्गाकडून तो डिचोलीत आला तेव्हा पाळी गावच्या खाणीवर ट्रकात क्लीनर होता. पुढे पाणीपुरवठा खात्यात चिकटला आणि नळवाला झाला. शिकलेला सातवी, पण शाळांच्या बाबतीत गावात त्याचा शब्द चालायचा. चहाच्या दुकानात बाप्यांची चर्चा सुरू झाली, की कुठल्या शाळेचा निकाल बरा, कुठे इंग्रजी नीट शिकवतात, कुठल्या मास्तराची बदली झाली, तर शेवटी कोणीतरी सगुणकडे वळायचंच. सगुण म्हणायचा, "शाळा पुढसून बघू नये, मागसून बघूची. टाकी बघा, नळ बघा, मगे पोराक घाला." लोक माना डोलवायचे. टेकडीवरच्या संस्थेच्या हायस्कुलाला मागूनही चांगले गुण मिळत होते. तिथला नळ कधी कोरडा नसायचा.

सरकारी शाळेच्या मुख्याध्यापिका सत्यवतीबाईंनी अर्ज वाचला. "कारण लिहायचं राहिलं, सगुणबाब."

त्याने मेजावरचं पेन घेतलं आणि जरा तोऱ्यातच लिहिलं, 'मुलींच्या शौचालयाला पाणी नाही.' बापाने मुलीसाठी एवढं तरी स्पष्ट लिहायलाच हवं, असं त्याला वाटलं.

"बरोबर लिहिलंत," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. "मूल शाळा सोडून गेलं की वरून विचारतात, का गेलं. मग मी अर्जाला पाणीखात्याकडे केलेल्या या तक्रारींच्या प्रती लावून पाठवते. यंदा अशा चार मुली गेल्या, तुमची पाचवी."

प्रती त्यांनी मेजावर ठेवल्या. जूनची एक, जुलैच्या दोन, चतुर्थीच्या आधीची एक. सुबक अक्षर, खाली शाळेचा शिक्का, आणि प्रत्येकीवर 'मिळाले' असं लिहून केलेली सही. ण चा पाय कागदाच्या काठापर्यंत गेलेला.

सगुणने पेन खाली ठेवलं. शाळेचा शिपाई चिठ्ठी घेऊन यायचा, सगुण सही करून ती पिशवीत टाकायचा. तासाभराचं काम, उद्या करू. उद्या एखाद्या डॉक्टरच्या घरचा फोन यायचा, नगरसेवकाचा माणूस यायचा, हायस्कुलाचे हेडमास्तर थेट इंजिनियरला सांगायचे. सरकारी शाळेकडे फोनच नव्हता. घरी भाग्या नळाचं बोलली होती एकदोनदा, तेव्हा "बघूया" म्हणाला होता. आणि चहाच्या दुकानात हाच माणूस शाळा मागून बघायला सांगत होता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"भाग्याकडे निरोप दिला असतात तरी..." तो पुटपुटला.

"शिपाई तेच म्हणायचा. तिच्याच हातून चिठी धाडू या, बापूस धावत येतलो. मीच नको म्हटलं." बाई प्रती टाचणीने जोडत होत्या. "पोरीच्या हातात तिच्याच बापाची तक्रार कशी द्यायची? ती वर्गात सगळ्यांना सांगते, माझे बाबा अख्ख्या डिचोलीला पाणी देतात."

सगुण उठला. सायकलच्या कॅरियरवरची पिशवी सोडवून घेऊन तो शाळेच्या मागे गेला.

कुंपणाबाहेर रस्त्याच्या कडेला व्हॉल्व्हचा खड्डा होता. खनिजाच्या ट्रकांखाली उडालेली लाल माती पावसात वाहून त्यात बसली होती. त्याने ती हातांनीच उपसली. आतली चकती गंजून घट्ट झाली होती. पाना लावला, तो सटकला आणि बोट सोललं. परत लावला. काम खरंच तासाभराचं होतं, आणि ते जसजसं सोपं होत गेलं तसतसं ते त्याला जास्त टोचू लागलं. अवघड निघालं असतं तर निदान तोंड दाखवता आलं असतं.

बाई कुंपणापाशी आल्या. "दाखला तयार आहे. साडेअकरा होऊन गेले, तुम्हाला उशीर व्हायला नको."

"जरा रवा, बाई."

नळातून आधी नुसती हवा फुसफुसली, मग लालभडक पाणी आलं, आणि बऱ्याच वेळाने स्वच्छ. शिपायाने शौचालयाचं कुलूप काढलं. तास संपल्याची घंटा झाली तशा मुली धावत आल्या. भाग्या सगळ्यांच्या मागे होती. तिने ओंजळ धरली आणि न थांबता पाणी प्यायली. फ्रॉक पुढून ओला झाला तरी पीत राहिली.

मग तोंड पुसत ती म्हणाली, "मी बाईंक सांगितलेला, बाबा येतले म्हणान."

"कधी सांगितलंस गो?"

"जूनात."

ती वर्गात पळाली. सगुण तसाच खड्ड्याच्या कडेला बसला.

देवकी सव्वाबाराला आली. हायस्कुलाच्या फाटकात वाट बघून, मग चिखल तुडवत आली होती. "दाखलो खय? एक तास थय उभी रवलंय मी."

"तक्रार माझ्याकडेच पडलेली," सगुण म्हणाला. "चार चिठ्ठ्यो. माझ्या पिशवीत. चेडू तीन म्हयने तहानेला रवला ता माझ्यामुळे."

तिने त्याच्याकडे बघितलं, वाहत्या नळाकडे बघितलं. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने नळाखाली पाय धुतले, मग नळ घट्ट बंद केला.

"बाईंक सांगा, दाखलो रवांदे. पण ह्यो नळ परत सुकलो तर मी स्वता येवन घेतलंय. तुमका विचारूचंय नाय."

त्याने मान हलवली. तो हत्यारं गोळा करू लागला तेव्हा देवकीने त्याची पिशवी पायरीवर उपडी केली. पाने, सुतळी, रबराच्या चकत्या, आणि त्यांच्यात चुरगळलेल्या, तेलकट चिठ्ठ्या. ती एकेक उलगडून मांडीवर सपाट करू लागली. या शाळेच्या चार होत्या, शिवाय पाळीची प्राथमिक शाळा होती, एक बालवाडी होती. हायस्कुलाची एकही नव्हती.

पाळीची चिठ्ठी तिने अक्षर लावत लावत पुरी वाचली आणि त्याच्यापुढे धरली.

"हयसर कोणाची चेडवां जातत?" तिने विचारलं.

सगुणला माहीत नव्हतं. चिखलाचे हात लेंग्याला पुसून त्याने चिठ्ठी घेतली, घडी घालून सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली, आणि सायकल पाळीच्या रस्त्याकडे वळवली.