ओव्हनखालचा खण

टाचणी जागेवर होती. प्रयोगशाळेच्या सूचनाफलकावर, सुट्ट्यांच्या यादीच्या उजव्या कोपऱ्यात, काल संध्याकाळी साडेपाचला जिथून उपटली होती तिथेच, हिरव्या डोक्याची, जरा तिरकी — आणि तो हातात चहाचा कप घेऊन तिच्याकडे बघत उभा होता, जणू यादीच वाचतोय. कोण कधी सुट्टीवर, याच्याशी बावीस वर्षांत त्याला काही देणंघेणं नव्हतं. टाचणीच्या टोकाला काही लागलेलं दिसत नव्हतं. फॉइलचं काय लागणार होतं म्हणा… 

सात भोकं. मोजून सात. एक पुरलं असतं, पण एकदा हात सुरू झाला की थांबत नाही, हे त्याला स्वतःबद्दल ठाऊक होतं.

पलीकडच्या खोलीत निळीचे दिवे लागले होते. तिला निळी म्हणत ते त्या दिव्यांमुळेच. दिवसभर त्या उजेडात बसून पोरीच्या कपाळावरही निळसर झाक चढल्यासारखी वाटे. त्याला, त्याच्या जुन्या ओव्हनमुळे, सगळे भट्टी म्हणत, पाठीमागे, आणि ते त्याला ऐकू येत नाही अशा समजुतीत सुखानं राहत. जे रसायन तो एकशे चाळीस अंशांवर दोन दिवस तापवून, अर्धं जाळून, उरलेलं गाळून काढायचा, तेच ही बाटलीसमोर निळा दिवा लावून चार तासांत काढत होती — आणि बाटली गार, खुशाल हातात धरावी. आज तीन वाजता ती हे विभागप्रमुख मॅडमना आणि समितीला दाखवणार होती. त्यांना पटलं तर ती कायम होणार आणि त्याची भट्टी भंगारात जाणार. नाही पटलं तर तिचा करार महिनाअखेर संपणार होता.

पण हे उजेडामुळेच होतंय, असं म्हणायचं तर एक बाटली अंधारात ठेवावी लागते. सगळं तेच, तेवढंच, फक्त वरून फॉइल गुंडाळलेलं. त्या बाटलीत काही घडता कामा नये. घडलं तर दिवा नुसता शोभेचा. काल ती हात धुवायला गेली तेव्हा गुंडाळलेली बाटली टेबलावर होती, टाचणी फलकावर होती, आणि मधे चार पावलांचं अंतर होतं. मी नाही केलं, माझ्या हातानं केलं — असं त्यानं एकदा मनात म्हणून बघितलं. जमलं नाही. मीच केलं, आणि करताना मला बरं वाटलं.

भोकांचं त्याला लहानपणापासून कळतं. वडील धाकट्या बहिणीला जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत कोंडायचे, तास-तासभर, आणि कुलपाच्या भोकातून तिला उजेडाचा एक ठिपका मिळायचा. तेवढ्यावर ती तग धरते, हेच त्याला बघवेना… नऊ वर्षांचा होता. वहीचं पान चावून त्याचा लगदा केला, भोक बुजवलं आणि दाराला कान लावून बसला. आतलं रडणं थांबलं. ती शांतता त्यानं किती वेळ ऐकली असेल — आजही आठवली की जिभेवर कागदाची चव येते.

"सर…"

निळी दारात उभी होती, हातात काचेची छोटी पट्टी. चेहरा पुसून काढल्यासारखा.

"डार्कमध्येही झालंय, सर."

त्यानं पट्टी दिव्याखाली धरली. दोन ठिपके, शेजारी शेजारी, एकाच उंचीवर. उजेडातला आणि अंधारातला. म्हणजे दोन्ही बाटल्यांत तेच रसायन.

"किती?"

"साठ टक्के तरी."

साठ! टाचणीच्या सात भोकांतून साठ टक्के! छातीत काहीतरी फुगलं, आणि त्याला अभिमान म्हणतात हे लक्षात येऊनही त्यानं ते दाबलं नाही.

"फॉइल नीट होतं ना?" विचारायची काही गरज नव्हती. पण दुखऱ्या जागी बोट लावून बघायची त्याची जुनी खोड.

"फॉइलवर माझा भरवसाच नव्हता, सर. घाईत गुंडाळलेलं. म्हणून ती बाटली मी दिव्यासमोर ठेवलीच नाही. जाताना तुमच्या ओव्हनखालच्या खणात ठेवली आणि सकाळी साडेआठला काढली. तिथे अगदी काळोख असतो. तुम्हाला विचारायला हवं होतं, पण तुम्ही निघून गेला होतात."

"असू दे," तो म्हणाला.

ती गेली. तो स्टुलावर बसला. सुटकेचा श्वास वगैरे काही आला नाही. उलट अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे माझी भोकं फुकट? बंद खणात, जिथे उजेडाचा कणही नाही, तिथे ती सात भोकं रात्रभर आ वासून पडून राहिली, आणि या बयेचं रसायन आपलं आपणच अंधारात होऊन गेलं! गेल्या वर्षी आईच्या खाटेशी बसलेली असताना बहीण हसत हसत म्हणाली होती — "अरे दादा, मी आत डोळे गच्च मिटून बसायचे. भोक उघडं होतं का बंद, मला काय ठाऊक? रडून रडून झोप लागायची." तेव्हाही त्याला असंच कुणीतरी लुबाडल्यासारखं वाटलं होतं. उभ्या आयुष्यात मनापासून दोन वाईट गोष्टी केल्या, आणि दोन्ही वाया गेल्या.

एक वाजला. सवयीनं त्यानं ओव्हनखालचा खण ओढला आणि डबा बाहेर काढला. झाकण तळव्याला गरम लागलं.

बावीस वर्षं लागतंय. सकाळी नऊला ओव्हन सुरू करायचा, खणात डबा सरकवायचा, एकला गरम जेवायचं. आणि संध्याकाळी जाताना घड्याळ लावायचं: रात्री आठला ओव्हन आपोआप चालू, पहाटे पाचला बंद, म्हणजे भांडी रात्रीत कोरडी होतात. ते वेळापत्रक त्याच्याशिवाय कुणाच्या डोक्यात नव्हतं. निळीनं बाटली ठेवली तेव्हा खण गार असणार, काढली तेव्हाही गारच. आणि मधले नऊ तास…

त्यानं डबा न उघडताच पुन्हा खणात सरकवला. तिच्या बाटलीत सगळी क्रिया सुरू करून देतो तो एक पांढरा क्षार, आणि तो उजेडानं फुटतो तसा उबेनंही फुटतो. या इमारतीत हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? म्हणजे अंधारात काही झालंच नव्हतं. माझ्या ओव्हननं केलं होतं. तिचा दिवा खरा होता, तिचं काम खरं होतं, आणि ते वाचवायला एक वाक्य पुरे होतं. पोरी, खण तापतो.

ती आली तेव्हा पावणेदोन झाले होते. डोळे सुजलेले, हातात घडी घातलेला कागद.

"मॅडमना सांगून येते. तीनची मीटिंग नको म्हणते." ती दारातच घुटमळली. "सर, तुम्हाला काही सुचतंय का? माझं कुठे चुकलं असेल? तुम्ही म्हणालात तर एक दिवस मागून घेते."

त्यानं खण पुन्हा ओढला, आत ठेवलेला डबा काढला आणि तिच्या हातात दिला.

"जेवली नसशील. घे."

तिनं डबा दोन्ही तळव्यांत धरला. सांगितलं की तिला, तो मनाशी म्हणाला, हातातच दिलंय, आता आणखी काय करायचं माणसानं? तिची बोटं झाकणावर पसरली. तो त्या बोटांकडे बघत होता.

"किती गरम आहे…" ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "तुम्ही एकटेच नीट वागता हो माझ्याशी."

डबा टेबलावर ठेवून ती गेली.

मॅडमच्या दारापर्यंत सव्वीस पावलं. त्यानं हाक मारली असती तर दहाव्या पावलापर्यंत सहज पोचली असती, पंधराव्यापर्यंत जरा ओरडावं लागलं असतं. त्यानं घास तोंडात घातला. या वेळी टाचणी नाही, कागदाचा लगदा नाही, हातसुद्धा उचलायचा नाही. नुसतं गप्प बसायचं, आणि हे वाया जाणार नव्हतं. घास मात्र गिळवेना. तोंडात फिरत राहिला, कागदासारखा.

एकोणीस… वीस… पावलं थांबली. दार वाजलं नाही. ती परत फिरली की नुसती उभी आहे, हे नीट ऐकू यावं म्हणून त्यानं डोळे मिटले, गच्च — आणि आपण जिन्याखालच्या त्या दाराच्या कोणत्या बाजूला बसलो आहोत, हे त्याला कळेना.