रहिमतपुरात आलेला दर्या

लालासाहेबांच्या बैठकीच्या खोलीत निम्मं रहिमतपूर दाटीवाटीनं उभं होतं. फरशीवर पाणीच पाणी, आणि जो तो त्यात बोट बुडवून चाटत होता.

"खारट हाय गड्या! खरंच दर्या आला!"

लालासाहेबांनी फौजेत असताना अंदमानला पोवळी आणि नारिंगी मासे पाहिले होते. निवृत्तीनंतर त्यांनी ते हौसेनं काचेच्या टाकीत, खाऱ्या पाण्यात पाळले. पण गेले तीन मंगळवार टाकीचं पाणी आपोआप बाहेर येत होतं, आणि लालासाहेब दर वेळी मीठ कालवून ती लगेच पुन्हा भरत होते. बातमी लागताच गावचे देवऋषी अर्जुना महाराज येऊन पाटावर बसले.

"दर्या रुसलाय! दर मंगळवारी घर सोडून निघतोय!" म्हणत त्यांनी तांब्याभर दूध टाकीत ओतलंसुद्धा.

पाणी पांढुरकं झालं, मासे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागले. लालासाहेबांच्या बायकोनं, शालूबाईंनी, महाराजांच्या हातातून तांब्या काढून घेतला. माशांना रोज खाऊ घालणाऱ्या त्याच, आणि तिन्ही मंगळवारी फरशी पुसणाऱ्याही त्याच. पुसताना त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती.

"महाराज, दर्या परत कवा येनार?"

"पुढल्या मंगळवारी, माई. दर्या एका दिवसात दोनदा येत न्हाई."

"मी आत्ता बोलावते."

त्यांनी मेन स्विच खाली ओढला. पंख्यासोबत टाकीच्या पंपाची घरघर थांबली. थोड्याच वेळात टाकीखालच्या कपाटातून पाणी भळाभळा आलं आणि थेट महाराजांच्या पाटाखाली शिरलं. महाराज टुणकन उठले. शेजारच्या अंबूबाई शालूबाईंच्याच पाया पडायला वाकल्या.

"आवं, पाया कसलं पडताय? कपाटात बघा! खालच्या डब्यातलं पाणी पंप वर चढवतो. मंगळवारी लाईट जाते, पंप थांबतो, मग त्याच नळीतनं पाणी उलटं खाली येतं. ट्रॅक्टरचं डिझेल नळीनं काढता न्हवं? तसंच. डबा भरला की सांडतंय!"

"मग दर्या न्हवताच?" अंबूबाई हिरमुसल्या.

"हाय की. रत्नागिरीला. एस्टी जाते."

महाराज ओलं धोतर सावरत मागच्या दारानं सटकले.

शालूबाईंनी फरशीवर पडलेला विजेचा बोर्ड उचलून उंच खिळ्याला टांगला, फरशी कोरडी केली आणि मगच स्विच वर केला. लालासाहेबांनी नळीला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली भोक पाडलं. आता पंप थांबला, की पातळी थोडी उतरताच भोकातून हवा शिरून पाणी तिथंच थांबणार होतं. खालचा डबाही त्यांनी थोडा रिकामा ठेवला. मग टाकीतलं दुधाळ पाणी थोडं थोडं काढून मीठ कालवलेलं ताजं पाणी घालत राहिले, हवेचा पंप लावला. संध्याकाळी मासे खाण्यावर तुटून पडले, तेव्हा कुठं शालूबाईंनी चहा घेतला.

पाणी खारट निघालं म्हणून चमत्कार होत नाही. हात जोडायच्या आधी, बाबांनो, एकदा खाली वाकून बघत चला.