प्रमिलाबाईच्या मागे नसलेली ट्रॉली

भडगावकडच्या आमच्या गावात कुणाला ट्रॅक्टरची ट्रॉली रिव्हर्स घ्यायची असली की प्रमिलाबाईला हाक मारतात. कापसाने भरलेली ट्रॉली ती बोळातून मागे नेते, तेव्हा बोळातली मांजर झोपेतच कूस बदलून वाट देते. एका वर्षी पुढचे गिअर पडेनात, तर बाईने ट्रॉली मागे-मागेच थेट जिनिंगवर पोचवली. वाटेत भेटलेल्यांना वाटलं, आपलंच तोंड उलट्या बाजूला आहे. त्यातले दोघे अजून मान वळवून चालतात.

अशी ही बाई कारच्या लायसन्ससाठी जळगावला परीक्षेला निघाली आणि शेजारधर्म म्हणून मीही सोबत गेलो. कारण होतं तिचा पुतण्या हितेंद्र. घरची कार तोच चालवतो. लेक मेघा साक्रीला दिलेली. तिच्या नणंदेच्या लग्नाला हितेंद्रने काकूला इतक्या सावकाश नेलं, की ही पोचली तेव्हा मांडववाले बांबू मोजत होते. आता पुढच्या आठवड्यात मेघाचं डोहाळजेवण. आज पास झाली तर स्वतः जाणार, नाहीतर पुन्हा हितेंद्रची मर्जी.

परीक्षेत शेवटचं काम एकच उरलं. डाव्या कडेला दोन ड्रम, त्यांच्या मधल्या जागेत गाडी मागे घेऊन सरळ लावायची. परीक्षा घेणारे साहेब शेजारी बसले. बाईने मागे पाहिलं आणि स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. ट्रॉली डावीकडे न्यायची तर असंच फिरवावं लागतं. पण कारची शेपटी निघाली भर रस्त्यावर आणि नाक गेलं पुढच्या ड्रमचा वास घ्यायला.

ड्रायव्हिंग स्कूलचा अल्तमश माझ्याजवळ उभा होता. त्याने कपाळ चोळलं. "रोज हेच, आबा. मी म्हणतो, काकू, मागे ट्रॉली नाही. त्या हो म्हणतात, पण हात काही ऐकत नाहीत."

"वीस वर्षांची सवय शे. तुन्हा वयापेक्षा मोठी," मी म्हणालो.

गाडीच्या काचा उघड्या होत्या. साहेब म्हणाले, "बाई, एकदाच पुढे घेऊन चूक सुधारता येईल. पुन्हा नाही."

बाईने गाडी पुढे घेतली आणि मागच्या ड्रमकडे बघत बसली. मग विचारलं, "साहेब, ट्रॉली जोडाले बोडका ट्रॅक्टर मांगे नेतस ना, तसं करू? त्या ड्रमले ट्रॉली समजू का?"

"काहीही समजा. धक्का लागू देऊ नका."

आता हात शहाणे झाले. स्टिअरिंग डावीकडे, मग उजवीकडे, आणि गाडी आत. इतकी सरळ, की पुढच्या वेळी चुन्याची रेघ तिच्या चाकांना धरूनच मारली म्हणतात. म्हणतो मीच, पण म्हणतात. ड्रम वीतभर मागे राहिला. बाईने हँडब्रेक ओढला आणि दार उघडलं.

"कुठे निघालात?" साहेब म्हणाले.

"ट्रॉलीले पिन टाकाले."

अल्तमशने डोळे मिटून घेतले. साहेब स्वतः उतरले, मागे वाकून अंतर बघितलं आणि तोंडावर रुमाल धरला. "बसा, बाई. ड्रम इथेच राहू द्या. पास झालात."

डोहाळजेवणाला बाई स्वतः गेली. हितेंद्र मागच्या सीटवर. साक्रीला इतक्या लवकर पोचले, की भरिताची वांगी अजून भाजायचीच होती. विहीणबाईंनी वांग्यांची टोपली हिच्याच पुढ्यात सरकवली. मेघा म्हणाली, "आई, जरा उशिरा निघाली असतीस तरी चाललं असतं."

"बांबू मोजापेक्षा हाई बरं," प्रमिलाबाई म्हणाली आणि वांगी विस्तवावर मांडू लागली.