दगडाची डॉक्टरीण

मांडणीवरच्या डब्याचं झाकण किणकिणलं. सगळा पाडा दुपारचा गप्प पडलेला असताना तेवढाच आवाज झाला, आणि दक्षानं हातातले कागद टाकून गोधडीवरच्या निशूला उचललं. ती अंगणात पोचेपर्यंत जमिनीखालची गुरगुर निघूनही गेली होती. निशू पुरती जागी झालीच नाही. आईच्या मानेत नाक खुपसून ती तशीच लोंबकळत राहिली, ऊन ऊन.

दिवाळीनंतर हे सुरू झालं होतं. डहाणू-तलासरीकडची जमीन कधी दिवसातून एकदा हलायची, कधी चारदा. गंजाडच्या या पाड्यावर माणसं घरं सोडून निळ्या प्लॅस्टिकखाली झोपत होती आणि पोरं थंडीनं खोकत होती.

दक्षा माहेरी आली होती ती मुलाखतीची तयारी करायला. पीएच.डी.साठी तिनं इथलाच काळा दगड कुटला, भट्टीत वितळवला आणि ज्वालामुखीच्या पोटात काय घडत असेल ते पाहिलं. आता जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत दोन वर्षांच्या पोस्ट-डॉक्टरल संशोधनाची जागा निघाली होती. असली जागा काही रोज निघत नाही. पहिले सहा महिने निशूला इथंच आजीकडे ठेवायचं, मग तुषारनं तिला घेऊन यायचं, असं नवराबायकोनं बोलून ठेवलं होतं. मुलाखत त्याच दुपारी होती, चारोटी नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे बसून. पाड्यावर रेंज टिकत नसे.

पाड्याला एवढंच ठाऊक, की आपली दक्षा डॉक्टर झाली. कसली, तर दगडाची. त्यावर पोटभर हसून झालं होतं. दगडाला सुई कुठं टोचतेस गं बाय, असं शेजारची रखमी दर खेपेला विचारायची. जमीन थरथरायला लागली तसं ते हसणं बंद झालं.

निशूला आजीच्या हवाली करून दक्षा जीपसाठी निघाली, तर रखमी पाचसहा जणांना घेऊन वाटेतच उभी. कडेवर तिची बारकी, निशूच्याच जोडीची, खोकून खोकून लाल झालेली. कुणाच्या तरी मोबाइलवर आलं होतं, की खाली ज्वालामुखी जागा होतोय. खरं काय ते तूच सांग, म्हणाले.

जीपवाला हॉर्न वाजवत होता.

"इथं ज्वालामुखी नाही," दक्षा म्हणाली. "होता, तो माणूस जन्मायच्या कितीतरी आधी थंड झाला. घाबरू नका."

भूकंपाबद्दल ती बोललीच नव्हती. तो तिचा विषय नव्हता, आणि तेवढं उलगडून सांगायला वेळही नव्हता. पण डॉक्टरनं घाबरू नका म्हटलं, की माणूस अर्धा बरा होऊन घरी जातो. रखमीनं बारकीच्या डोक्यावरचं फडकं सारखं केलं आणि ती घराकडे वळली.

मुलाखत चांगली झाली. पडद्यावरच्या प्राध्यापकांनी गाव नकाशात शोधलं, धक्क्यांचं ऐकलं आणि खुशीत येऊन म्हणाले, की तुमच्या दारात निसर्गानंच प्रयोग मांडलाय, नशीबवान आहात. दक्षाही हसली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मोठा धक्का बसला. रखमीच्या घराची मातीत रचलेली विटांची भिंत आतल्या बाजूला पडली. रखमी चुलीपाशी होती, म्हणून वाचली. बारकी भिंतीकडेला झोपली होती.

तलाठी पंचनाम्याला आले. सगळा पाडा बाहेर झोपत होता, मग तुम्हीच पोरीला आत का नेलंत, असं त्यांनी विचारलं. रखमीच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर दक्षाला तिथं उभं राहणं सोपं गेलं असतं.

"डाक्तरीण बोलली ना, घाबरू नका," रखमी म्हणाली. "तवा नेली. पोरीला थंडी बाधत व्हती."

कोण डॉक्टर, म्हणून तलाठ्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. कुणी दक्षाकडे बोट दाखवलं नाही. दक्षाही पुढे झाली नाही.

लहान लेकराला जाळत नाहीत. ओहोळापलीकडे, पळसाखाली तिला पुरलं.

निवड झाल्याची मेल त्याच आठवड्यात आली. तुषार बोईसरहून फोनवर समजावत राहिला, की तू चुकीचं काय सांगितलंस, एक तरी शब्द खोटा होता का? नव्हता. तेच तर दक्षाच्या घशाखाली उतरत नव्हतं. आणि ज्या जमिनीवर रखमीचं लेकरू गेलं, तिथंच आपलं ठेवून विमानात बसायचं.

होकार कळवायचा शेवटचा दिवस आला. रेंजसाठी ती निशूला घेऊन टेकाडावर चढली. दोन ओळींचं उत्तर लिहून झालं, पण बोट पाठवायच्या खुणेवर टेकेना. निशूच्या फ्रॉकला कुसळं चिकटली होती. एका हातानं ती एकेक काढत बसली.

निशू खाली ओहोळाकडे पाहत होती.

"आई, बारकीला मातीत झोपवलंय ना? मग जमीन हलली की ती जागी होते का गं?"